चौदा तास उजेड, दहा तास अंधार

ऑगस्ट संपत आला की मेलबर्नजवळच्या क्रेगीबर्नमधल्या आमच्या घरामागे, कुंपणापलीकडे, शेजाऱ्यांचं वॉटल फुलतं. हिवाळा अजून गेलेला नसतो. सकाळी गाडीच्या काचेवर दव गोठलेलं असतं, घरात हीटर चालू असतो, आणि तरी ते झाड पिवळ्या गोंड्यांनी अंगभर भरून येतं. ते फुललं की मी नकळत संध्याकाळचा उजेड मोजायला लागते. काल पावणेसहाला ओट्यावरचा दिवा लावला होता. आज सहा वाजत आले तरी लावावासा वाटला नाही.

"झालं तुझं सुरू," इनास म्हणतो. इनास माझा नवरा. हे वाक्य तो दर वर्षी म्हणतो आणि वर्तमानपत्र घेऊन खिडकीपाशी सरकतो, म्हणजे उजेड त्यालाही हवाच असतो.

दिवस लांबताना बघणं हा माझ्यापुरता एक सण आहे. त्याला नाव नाही, त्याचा पदार्थ नाही. पण नव्वदच्या दशकातला एक हिवाळा त्यात पुरता मावलेला आहे. त्या हिवाळ्यात मी मेलबर्नमध्ये दोन बंद खोल्यांत दिवस आणि रात्र किती लांबीचे असावेत हे ठरवत होते, आणि ज्या रोपांसाठी ठरवत होते ती भांगेची होती.

हे असं एका दमात सांगितलं की समोरचा माणूस खुर्चीत जरा पुढे सरकतो. माझ्या आईला तर आधी गावाची काळजी पडली. रविवारी आम्ही वसईला फोन करायचो. नवी नोकरी लागली, कृषी संशोधन केंद्रात, असं सांगितल्यावर तिनं साहजिकच विचारलं, "कसलं पीक?" मी सांगितलं.  ती हळू आवाजात म्हणाली: "आग्नेस, फादरनी विचारलं तर मी काय सांगू? पोरगी भांग लावते म्हणून?"

"आई, ही दोरखंडाची जात आहे. नशेची नाही. खोडाचा वाख काढतात, आपल्या तागासारखा. सरकारचा परवाना आहे."

"मग ताग म्हण ना," आई म्हणाली. तेव्हापासून आमच्या गावात माझी ओळख झाली ती ऑस्ट्रेलियात ताग लावणारी मुलगी अशी.

बाबांनी फोन घेतला. त्यांना फादरची काळजी नव्हती. ते भातशेती करणारे. त्यांनी एकच विचारलं, "फुलतं कधी?"

नेमकं तेच तर कोणाला कळत नव्हतं.

आम्ही तेव्हा मेलबर्नच्या डँडेनॉन्ग उपनगरात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. इनास मुंबईत मेकॅनिकल इंजिनिअर होता. इथे त्याला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात रात्रपाळी मिळाली. सकाळी सातला तो घरी यायचा, चहा प्यायचा आणि झोपायचा. बेडरूमच्या खिडकीला पडदा होता, पण तो पातळ. म्हणून आम्ही वसईहून आणलेलं जाड चादरीसारखं पांघरूण खिळ्यांनी चौकटीला ठोकलं होतं. बाहेर ट्रक जायचे, शेजारची मुलं शाळेला निघायची, आणि आत माझा नवरा दुसऱ्याच देशाच्या वेळेवर झोपलेला असायचा. त्या वर्षी आमच्या घरात बोलणं कमी आणि चिठ्ठ्या जास्त होत्या. 'डाळ फ्रिजमध्ये.' 'गाडीत पेट्रोल नाही.' एकदा नुसतंच, 'आज तू छान दिसत होतीस, पण मला डोळे उघडवेनात.'

मी पुण्याला शेतकी शिकले होते. संशोधन केंद्रात माझी नेमणूक एका वर्षाची, तंत्र सहायक म्हणून. प्रकल्पाचा प्रमुख ग्रॅहॅम, पन्नाशीचा, लांब ढांगा टाकत चालणारा माणूस. सगळे त्याला ग्रॅहॅमच म्हणत. पहिला महिनाभर माझ्या तोंडून 'सर' निघायचं आणि तो मागे वळून बघायचा, आणखी कोण आलंय म्हणून.

परवानाही एकाच वर्षाचा होता. तो वाढायचा की नाही, हे त्या हंगामाचा अहवाल ठरवणार होता. आणि अहवालात मांडायला आमच्याकडे काय होतं, तर डगचं शेत.

डग हा आमच्यासाठी चाचणीचं पीक घेणारा शेतकरी, मेलबर्नपासून दोन तासांवरचा. मी नोकरीला लागले तेव्हा त्याचा पहिला हंगाम नुकताच संपला होता. ग्रॅहॅमनं मला फोटो दाखवले. बियाणं युरोपातून मागवलेलं, तिथे दोन माणसांएवढं वाढणारं. डगनं ते सप्टेंबरच्या सुरुवातीला, जमिनीत ओल होती तेव्हा, मन लावून पेरलं होतं. फोटोत तो शेताच्या मधोमध उभा होता आणि पीक त्याच्या गुडघ्याला लागत होतं. गुडघ्याएवढ्या त्या रोपांना भरगच्च फुलं आली होती. एकदा फुललं की ते वाढत नाही. म्हणजे खोड नाही, वाख नाही, काहीच नाही.

"शेजारचे लोक येऊन जायचे," डग मला नंतर सांगत होता. "एकानं विचारलं, ही बुटकी जात कुत्र्याच्या गळ्यातल्या दोरीपुरता वाख काढायला लावलीस का."

इंग्रजीत तू-तुम्ही नसतं. पण मनातल्या मनात मी डगला अहो-जाहो करत असे. त्याचे हात माझ्या बाबांसारखे होते, नखांच्या कडांशी माती कायमची बसलेली.

कारण ग्रॅहॅमला ठाऊक होतं. हे झाड दिवस लहान आणि रात्र मोठी झाली की फुलतं. युरोपात उन्हाळ्याचे दिवस इतके लांब असतात की तिथे ते महिनोन्महिने नुसतं वाढत राहतं. इथला दिवस त्याला आखूड पडला. उगवल्या उगवल्या त्याला वाटलं, हंगाम संपत आला, आता बी धरून घ्यावं. उपाय सोपा होता: दिवस पुरेसा लांब झाल्यावर पेरायचं. पण पुरेसा म्हणजे किती तासांचा, ते कोणी मोजलं नव्हतं.

मोजायला आमच्याकडे दोन खोल्या होत्या. खिडक्या नसलेल्या, जाड दारांच्या, छताला मोठे दिवे आणि दिव्यांना घड्याळ लावलेलं. एक हिवाळा आणि दोन खोल्या. म्हणजे दिवसाच्या फक्त दोनच लांब्या तपासता येणार होत्या. डग परत सप्टेंबरला ट्रॅक्टर काढणार, त्याच्या आत.

ग्रॅहॅमनं ठरवून टाकलं होतं. एका खोलीत अठरा तास उजेड, दुसरीत बारा. अठरामध्ये नुसती पानं, बारामध्ये नक्की फुलं. स्वच्छ निकाल, चांगला तक्ता.

मी दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी त्याच्या टेबलापाशी जाऊन म्हटलं, "पण हे तर आपल्याला आत्ताच माहीत आहे."

"म्हणजे?"

"अठराला फुलणार नाही आणि बाराला फुलेल. डगच्या शेतात अठरा तासांचा दिवस कधीच येत नाही. बारा तासांचा असताना त्यानं पेरलं आणि काय झालं ते फोटोत आहे. त्याला तारीख हवी आहे. ती या दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे."

"आणि मधले आकडे घेतले आणि दोन्ही खोल्या फुलल्या तर? किंवा दोन्ही नाही फुलल्या तर? आपल्या हातात काहीच राहणार नाही. तुझी नोकरी राहणार नाही."

ते खरं होतं. मी माझ्या खुर्चीवर परत आले.

मधले म्हणजे कुठले, हेही मला सांगता येत नव्हतं. वर्तमानपत्रात सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा छापून येत. त्यावरून मी दिवसांची लांबी काढत बसले होते. त्या हिशेबानं तेरा आणि चौदा तास घ्यावेत असं वाटत होतं. शनिवारी दुपारी स्वयंपाकघरात तो कागद पसरला होता. इनास डोळे चोळत बाहेर आला. ते ठोकलेलं पांघरूण एका कोपऱ्यात सुटलं होतं, आणि तो त्यावर चिडला होता.

"सुट्टी असली तरी सकाळी उजाडताना जाग येते, आता दुपारीही या फटीतून उजेड येतो," तो म्हणाला. मग कागदाकडे बघत, "हे काय, सूर्योदयापासून मोजतेस?"

"मग कुठून मोजू?"

"मी घरी येतो तेव्हा सूर्य उगवलेला नसतो, पण गाडीचे दिवे बंद केलेले असतात. दिसतं ना सगळं. सूर्य वर यायची वाट कोण बघतं?"

तो चहा ठेवायला वळला. मी कागदाकडे बघत राहिले. माणसाला दिसतं, तर झाडालाही दिसत असणार. सूर्याच्या आधीचा तो राखाडी उजेड आणि सूर्य बुडाल्यावरचा तसाच. दोन्ही मिळून जवळजवळ एक तास. झाडाचा दिवस वर्तमानपत्रातल्या दिवसापेक्षा तासाभरानं मोठा होता. मी तेरा आणि चौदा खोडून चौदा आणि पंधरा लिहिलं. इनासनं कप समोर ठेवला तेव्हा त्याच्या हे गावीही नव्हतं की त्यानं काय केलंय.

सोमवारी मी पुन्हा ग्रॅहॅमकडे गेले. आकडे दाखवले. त्याला पहाटेच्या उजेडाचा मुद्दा पटला, पण जोखीम पटेना. एवढ्या बारीक फरकाला झाड एवढं ऐकतं का, असा त्याचा प्रश्न होता. आणि तेव्हा मी, इंग्रजी शब्द शोधत शोधत, त्याला आमच्या शेताची गोष्ट सांगितली.

वसईत आमचं शेत चर्चकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून होतं. बाबा त्यात गरवा भात लावायचे. गरवा म्हणजे उशिरा तयार होणारा. मी आठ-नऊ वर्षांची असताना रस्त्यावर विजेचा खांब आला, आणि त्याचा दिवा आमच्या बांधावरून थेट शेतात पडायला लागला. गावाला केवढा आनंद झाला. त्या वर्षी कापणीच्या वेळी सगळं शेत पिवळं झालं आणि खांबाखालचा एक गोल मात्र हिरवागार राहिला. लोंबी नाही, दाणा नाही. कोणी म्हणालं खत जास्त पडलं, कोणी म्हणालं नजर लागली. बाबा त्या गोलाच्या कडेकडेनं फिरले, हातानं मापं घेतली, वर दिव्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ह्याला झोपच नाही मिळाली."

"दिवा किती मोठा होता?" ग्रॅहॅमनं विचारलं.

"साधा बल्ब. त्याखाली पुस्तकसुद्धा वाचता यायचं नाही."

"आणि गोल?"

"सात हात."

"सात हात म्हणजे किती?"

"माझ्या बाबांचे सात. तुझे सहा."

तो हसला नाही. खिडकीबाहेर बघत राहिला. पार्किंगमध्ये पाऊस पडत होता, थंड आणि आडवा, मेलबर्नच्या जूनमधला. मग त्यानं टेबलावरचा तक्ता ओढला, अठरा आणि बारा खोडलं आणि माझे आकडे लिहिले. "चौदा आणि पंधरा," तो म्हणाला. "आणि प्रयोगाच्या कागदावर तुझं नाव घाल. वर. चुकलं तरी वरच राहील."

दिवसा त्या इमारतीत इतकी यंत्रं चालत की आमचे दिवे लावले की मुख्य बटण पडायचं. म्हणून आम्ही खोल्यांची वेळ उलटी केली. संध्याकाळी सातला दोन्हीकडे उजाडायचं. एका खोलीत सकाळी नऊला अंधार पडायचा, दुसरीत दहाला. इनास आणि माझी रोपं एकाच पाळीला लागली.

मी सकाळी लवकर जायचे. बाहेर बोटं बधिर करणारी थंडी, आणि दार उघडलं की भर दुपारसारखा प्रकाश, ओल्या मातीची ऊब, आणि तो वास. गवती चहा, ओलं गोणपाट आणि थोडंसं रॉकेल असं काहीतरी मिळून होणारा. तो माझ्या कोटात बसायचा. ट्रेनमध्ये शेजारची माणसं एकमेकांकडे बघायची. मी संशोधन केंद्राचं ओळखपत्र मुद्दाम बाहेर काढून ठेवायचे.

अंधाराच्या वेळात आत जायचं झालं तर एक मंद हिरवा दिवा होता. हिरवा उजेड ही पानं फारशी मोजत नाहीत. त्या दिव्यात सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसायचं. मी पाणी घालायचे, तापमान लिहायचे, आणि मला सगळ्यात शांत वाटायचं ते तिथेच. नव्या देशात माणसाला दिवसभर कोणीतरी बघत असतं. नाव परत विचारतात, उच्चार परत विचारतात. त्या अंधारात मला कोणी बघत नव्हतं, आणि तरी अठ्ठेचाळीस रोपं माझ्यावर अवलंबून होती. शेजारच्या खोलीत आणखी अठ्ठेचाळीस.

जुलैमध्ये एका सकाळी अकरा वाजता पोलीस सार्जंट आला. परवान्यातली अटच होती: केव्हाही, न सांगता, रोपं मोजली जातील. एक जरी कमी भरलं तर परवाना धोक्यात. ग्रॅहॅम कॅनबेराला गेला होता. सार्जंट दारात मावणार नाही एवढा, पावसाळी कोटातून पाणी गळतंय, हातात वही.

मी बाहेरचं कुलूप उघडलं. तो म्हणाला, "दिवे लाव."

"लावता येणार नाहीत."

"का?"

"आत आत्ता रात्र आहे."

त्यानं मनगटावरचं घड्याळ बघितलं. मग मला बघितलं.

मी त्याला समजावलं. मधेच दोन-चार मिनिटं जरी लख्ख उजेड पडला तर झाडांना वाटतं रात्र मोडली, आणि ती फुलायचं पुढे ढकलतात. मग निकाल खोटा ठरतो, हिवाळा वाया जातो. तो म्हणाला, "माझ्याकडे टॉर्च आहे." म्हटलं, टॉर्चही नको. म्हटलं, संध्याकाळी सातला या. तर तीनला त्याची पाळी संपत होती.

"मॅडम," तो म्हणाला, "मला मोजायला अडवलं असं मी लिहिलं तर काय होईल माहीत आहे ना?"

 मी एका वर्षाच्या नेमणुकीवरची, पासपोर्ट भारताचा, समोर पोलीस आणि दाराआड भांग. तरी माझा हात दिव्याच्या बटणाकडे गेला नाही. मी म्हटलं, "अडवत नाही. मोजा. पण हिरव्या दिव्यात. दहा मिनिटं आत उभे राहा, डोळे सरावतील. प्रत्येक कुंडीला हात लावून मोजू."

"आणि नाही दिसलं तर?"

"तर तसं लिहा."

 त्यानं टोपी काढून काखेत धरली आणि तो वाकून आत आला. मी दार लावलं. दहा मिनिटं आम्ही दोघं काळोखात उभे होतो, पंखा घुमत होता. हळूहळू पानं दिसायला लागली, आधी कडा, मग बोटांसारखी पाती. "ओह," तो म्हणाला, एवढंच.

त्यानं मोजायला सुरुवात केली. कोणी सांगितलं नव्हतं, पण तो कुजबुजत मोजत होता. शेवटाला पोचला आणि थांबला. "सत्तेचाळीस."

मी पहिल्या कुंडीपाशी परत गेले. "परत मोजू या."

परत सत्तेचाळीस. त्याची पेन्सिल वहीवर टेकली. मी भिंतीला धरून रांगेच्या मागे गेले, गुडघ्यांवर बसले आणि चाचपडत हात फिरवला. पंख्याच्या पायाशी, मोठ्या दोन रोपांच्या आड, एक खुरटं रोप होतं. ते अशक्त म्हणून मीच आदल्या आठवड्यात वाऱ्यापासून आडोशाला ठेवलं होतं आणि विसरले होते. मी सार्जंटचा मोठा हात धरून कुंडीच्या कडेला टेकवला.

"अठ्ठेचाळीस," सार्जंट कुजबुजला.

दुसऱ्या खोलीत पहिल्याच फेरीत बरोबर भरले. निघताना त्यानं ते जड दार असं हलकेच ओढून घेतलं, जसं आपण बाळ झोपलेल्या खोलीचं ओढतो. वहीवर सही घेतली आणि म्हणाला, "नो वरीज. पुढच्या वेळी सातनंतर येईन."

त्यानंतर वाट बघणं. जुलै संपला, दोन्ही खोल्या हिरव्याच. ग्रॅहॅम रोज दारातून डोकावून भुवया उंचावायचा, मी मान हलवायचे. ऑगस्टचा पहिला आठवडा, तेच.  एकदा त्यानं माझ्यासमोर उरलेल्या दिवसांवर कॅलेंडरमध्ये बोट फिरवलं आणि मग ते पटकन भिंतीवर परत लावलं. त्या दिवसांत मला जेवण जात नव्हतं. इनास चिठ्ठीत लिहायचा, 'ती फुलायची तेव्हा फुलतील. तू भात खा.'

एका मंगळवारी सकाळी साडेसातला मी चौदा तासांच्या खोलीत गेले. पानाच्या बेचक्यात काहीतरी टोचल्यासारखं दिसलं. भिंग काढलं. बारीक, हिरवट-पिवळे, द्राक्षाच्या घोसाची चिमुकली नक्कल असावी तसे कळे. शेजारच्या रोपावरही. त्याच्या शेजारच्यावरही. मी एक एक करत मोजत गेले, एकेचाळीसपर्यंत. मग पंधरा तासांच्या खोलीत. तिथे मी प्रत्येक रोपाचं प्रत्येक बेचकं तपासलं. पाऊण तास लागला. एकही नाही. पानं आणि पानं, माझ्या खांद्याला लागणारी, अजून वर जाण्याच्या तयारीत.

फक्त एक तासाचा फरक होता. उत्तर त्या तासाच्या आत सापडलं होतं.

मी बादली उलटी टाकून तिच्यावर बसले. रडले असेन थोडी. मग ऑफिसातून घरी फोन केला. इनासची पाळी त्या दिवशी लांबली होती, तो नुकताच घरी आला होता.

"किती?" त्यानं विचारलं.

"एकेचाळीस."

"आणि दुसऱ्या खोलीत?"

"शून्य."

"आलो," तो म्हणाला. तो कारखान्याच्या निळ्या कपड्यांतच आला, डोळे लाल, ग्रीसचे हात पुसत. ग्रॅहॅमनं त्याचा तो हात घट्ट धरून हलवला आणि म्हणाला, "पहाटेचा उजेड तुझा ना?" इनासला काही कळेना. त्या दिवशी तो झोपलाच नाही. पंधरा तासांच्या खोलीत जाऊन, मान वर करून, दहा वाजता दिवे जाईपर्यंत बघत राहिला.

डगला फोन मी केला. त्याचा ट्रॅक्टर तयार होता, बियाणं शेडमध्ये.

"थांबा," मी म्हटलं. "ऑक्टोबरच्या अखेरीस पेरा."

"सात-आठ आठवडे? माझी ओल उडून जाईल." त्याचा आवाज कठीण झाला. "गेल्या वर्षी तज्ज्ञांचं ऐकून पेरलं. सगळ्या गावानं बघितलं. ग्रॅहॅम काय म्हणतो?"

ग्रॅहॅम शेजारीच उभा होता, रिसीव्हरमधून ऐकू जात होतं. त्यानं वाकून तोंड जवळ आणलं. "ग्रॅहॅम म्हणतो, तिला विचार."

पलीकडे डगनं भुंकणाऱ्या कुत्र्याला दटावलं. मग म्हणाला, "एक पट्टा आत्ता पेरतो. बाकीचं तुझ्यासाठी ठेवतो."

सगळं माझ्या शहाणपणानं झालं असं मी म्हणणार नाही. ऑक्टोबरच्या मध्यावर दोन दिवस चांगला पाऊस पडला, तो मी पाडला नव्हता. पण पेरायची तारीख माझी होती. आजही मला वाटतं, माणसाला आयुष्यात एकदा तरी असं काही मिळावं की जिथे त्यानं एक आकडा निवडला, भीतभीत निवडला, आणि जगानं तो बरोबर ठरवला. माझ्या मुलीला हे सांगायला गेलं की ती म्हणते, "मम, इट वॉज जस्ट अ टायमर." असेल. टायमरच होता. तो किती वाजता फिरवायचा, हे मी सांगितलं होतं.

जानेवारीच्या शेवटी ग्रॅहॅम, इनास आणि मी डगच्या शेतावर गेलो. ऊन भाजत होतं, माश्या तोंडावर बसत होत्या. फाटकापाशी आधी लवकर पेरलेला पट्टा लागला. गुडघ्याएवढा, फुलून सुकलेला, गेल्या वर्षीच्या फोटोसारखाच. आणि त्याला लागून, जणू कोणी भिंत बांधावी तसं, गर्द हिरवं पीक उभं होतं. वारा आला की ती भिंत वरच्या वर हलायची आणि पावसासारखा आवाज यायचा. फुलाचं नाव नव्हतं.

रस्त्यावर तीन-चार गाड्या थांबल्या होत्या. शेजारचे शेतकरी कुंपणाला टेकून बघत होते. कुत्र्याबद्दल कोणी काही विचारत नव्हतं. येताना गाडीत ग्रॅहॅमनं, रस्त्यावरची नजर न काढता, परवाना वाढल्याचं सांगितलं होतं. "आणि तुझी नोकरी तीन वर्षांची केलीय," असं पुढे जोडलं होतं, जशी काही ती हवेची बातमी होती. मागच्या सीटवरून इनासनं माझा खांदा दाबला होता.

माप घ्यायला मी दोन मीटरची खुणा केलेली काठी आणली होती. डगबरोबर पिकात शिरले. चार पावलांत रस्ता दिसेनासा झाला, मग आकाशही तुकड्यातुकड्यांनी. इनास बाहेरून विचारत होता, "आग्नेस, कुठे आहेस?" मी उत्तर दिलं नाही. त्या हिरव्या सावलीत थोडा वेळ हरवून राहावं असं वाटलं.

काठी जमिनीत रोवून सरळ धरली. तिचं टोक पानांत गेलं. डगनं हात वर करून शेंडा शोधला, चवड्यांवर उभा राहिला, तरी त्याच्या हाताला लागेना. त्यानं टोपी मागे सारली आणि शांतपणे म्हणाला, "काठी लहान पडली, मेट."

वहीतल्या उंचीच्या रकान्यात काय लिहावं कळेना. शेवटी मी मराठीतच लिहिलं: काठीपेक्षा जास्त.